तोताराम नानांचं घोरणं

जळगावात मेहरूण तलावाकडून आत वळा आणि कोणालाही तोताराम नानांचं घर विचारा. समोरचा माणूस आधी उलट विचारेल, "कोण, ते घोरणारे कंडक्टर?" आणि मगच हात वर करून रस्ता दाखवेल. माणसानं सगळी हयात एसटीत काढावी, एका पैची अफरातफर करू नये, बिनतिकीट माणूस दिसला की मग तो सरपंच असो नाहीतर सख्खा साडू, त्याला खाली उतरवावं, आणि लोकांनी लक्षात काय ठेवावं, तर घोरणं! आता याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

त्यातून खरी गंमत पुढेच आहे. नाना घोरतच नव्हते.

घोरायच्या त्या कोकिळाबाई. नानांची बायको. नवरा तोताराम, बायको कोकिळा, म्हणून लग्नाच्या मांडवातच लोकांनी पाखरांची जोडी जमली म्हणून हसून घेतलं होतं. कोकिळाबाईंचा दिवसाचा आवाज खरोखर गोड. देवाची आरती म्हणायला लागल्या की शेजारच्या भागाबाई हातातलं काम ठेवून ऐकत उभ्या राहायच्या. पण रात्री एकदा का त्यांचा डोळा लागला, की घाटात दमलेल्या गाडीचं इंजिन सुरू व्हायचं. मांडणीवरच्या वाट्या वाजायच्या. आणि खुद्द कोकिळाबाईंना यातलं काही म्हणजे काहीही माहीत नव्हतं, कारण त्या झोपलेल्या असायच्या.

हे लफडं सुरू झालं लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. कोकिळाबाई धुळ्याजवळच्या आपल्या माहेरी गेल्या आणि सण झाल्यावर नाना त्यांना आणायला गेले. वैशाखातला उकाडा, सगळं घर अंगणात खाटा टाकून झोपलेलं. रात्री जे काही झालं ते झालं. सकाळी चूळ भरता भरता सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोन शे रे हाऊ रातभर घोरनारा? मन्ह्या म्हशी बी झोपन्या नहीत!"

सगळे हसायला लागले. मावश्या हसल्या, मेव्हण्या हसल्या. आणि चुलीपाशी बसलेली नवी कोकिळा पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त हसत होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून ती एवढी मोकळी हसताना त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांच्या घरी ती नुसती मान खाली घालून वावरायची. आता जर आपण म्हटलं, बाई गं, ती तूच, तर ह्या हसण्याचं काय होणार? नाना म्हणाले, "मीच तो. मला खोड आहे."

"आमना जवाईबापू घोरतस वं माय!" मावशीनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, आणि शिक्का बसला तो बसला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बायकोला खरं सांगून टाकायचं असं नानांनी ठरवलं होतं. पण गाडीत गर्दी होती. मग घरी आई होती. मग आज राहिलं, उद्या राहिलं, असं करता करता पस्तीस वर्षं गेली.

बरं, नुसता शिक्का बसून भागलं असतं तर नानांची काही तक्रार नव्हती. पण कोकिळाबाई पडल्या कर्तव्यदक्ष. नवऱ्याची खोड म्हणजे आपली जबाबदारी. त्यांनी उपचार सुरू केले. रोज निजताना नानांना आडवं पाडून दोन्ही नाकपुड्यांत कोमट तुपाचे थेंब. दही बंद. केळी बंद, आणि हे जळगावात! कुशीवर झोपावं म्हणून बंडीच्या पाठीवर कापडाचा चेंडू शिवला. कोणी सांगितलं म्हणून गळ्यात लसणाची माळ घातली, तेव्हा तर गाडीत नानांच्या शेजारची जागा दोन महिने रिकामी राहिली. नाना बिचारे सगळं निमूट सोसत होते. आणि कोकिळाबाई सकाळी उठून खुशीत म्हणायच्या, "बघा, काल कसं शांत होतं! मला तर एकदाही जाग आली नाही."

"मग काय तर," नाना म्हणायचे. रात्रभर जागून त्यांचे डोळे लाल झालेले असायचे.

तुम्ही म्हणाल, मुलांना तरी कळलं नाही का? दोन मुलं ह्याच घरात मोठी झाली. पण एकदा ठरलं ना की घोरतात ते बाबा, मग अंधारात उठून पडताळा कोण पाहतो? भागाबाईंना मात्र एकदा शंका आली होती. नाना चाळीसगावला मुक्कामी गाडीवर गेले होते आणि भिंतीपलीकडे इंजिन चालूच. भागाबाईंनी विचार केला, केला, आणि कोणाची तरी पाण्याची मोटर चालू राहिली असा निकाल देऊन त्या झोपून गेल्या.

असंच चाललं असतं. पण नाना रिटायर होऊन घरी बसले आणि त्यांच्या काही गोष्टी लक्षात यायला लागल्या. कोकिळाबाई दिवसाही पेंगायला लागल्या होत्या. भाजी निवडता निवडता मान खाली. मालिका बघता बघता मान खाली. एकदा तर आरतीच्या मधोमध डुलकी लागली आणि देवाला निम्म्या आरतीवरच समाधान मानावं लागलं. लोक म्हणायचे, "बिचारीला ह्याच्या घोरण्यानं रात्री झोप मिळत नसेल." आणि नानांकडे अशा नजरेनं बघायचे की ज्याचं नाव ते.

मग उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचा दिवस आला. ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात रटरटत होता आणि कोकिळाबाई घाटा ढवळायला बसल्या होत्या. ढवळता ढवळता त्यांचे डोळे मिटले आणि त्या पुढे कलल्या. भागाबाईंनी झडप घालून दंड धरला म्हणून बरं, नाहीतर तोंडच आत गेलं असतं. मनगट तेवढं भाजलं. नाना त्या मनगटाला कैलासजीवन लावत होते आणि पुन्हा पुन्हा फुंकर घालत होते. कोकिळाबाई म्हणाल्या, "अहो, एवढं काय! जरा डोळा लागला."

त्या रात्रीपासून नाना नीट कान देऊन ऐकायला लागले. घोरणं जोरात चालायचं, चालायचं आणि मध्येच गपकन थांबायचं. श्वासच नाही. छाती हलायची, पण हवा आत जात नव्हती. नाना उठून बसायचे आणि तिच्या खांद्यावर बोटांनी दोनदा टकटक करायचे. एसटीत गाडी थांब्यावरून सोडायची तर कंडक्टर दोरी दोनदा ओढतो. ती डबल घंटी. "चला," नाना हळूच म्हणायचे. कोकिळाबाई मोठा घोट घेतल्यासारखा श्वास घ्यायच्या आणि इंजिन पुन्हा सुरू व्हायचं. काही वेळानं पुन्हा थांबा. पुन्हा टकटक. चला. असं पहाटेपर्यंत. नोकरीत असताना नानांना रात्रपाळी कधी आवडली नव्हती आणि आता रिटायर झाल्यावर रोजची रात्रपाळी लागली. एखाद्या रात्री आपला डोळा लागला आणि हिचा श्वास थांबलेलाच राहिला तर? ह्या एका विचारानं त्यांची झोपच उडाली.

धुळ्याला पेन्शनवाल्यांच्या मेळाव्यात त्यांचा जुना जोडीदार वना ड्रायव्हर भेटला. वनाचा चेहरा टवटवीत. "नाना, नाकनी मशीन लिधी मी," तो म्हणाला. "रातभर हवा देस. बठ्ठं घोरनं बंद व्हई गयं! तू बी लई टाक. तुन्ह्या घोरनानी तर बठ्ठा डेपोले खबर शे."

नानांच्या डोक्यात प्रकाश पडला. मशीन घ्यायचं. आपल्या नावानं घ्यायचं, घोरतो म्हणून आपली ख्याती आहेच. घरी आणायचं आणि काहीतरी थाप मारून हिला लावायचं. हिला कळायला नको, दुखवायला नको आणि श्वासही चालू राहील. दुसऱ्याच दिवशी नाना इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशन रोडवरच्या निर्मलकुमारांच्या सर्जिकलच्या दुकानात हजर झाले.

निर्मलकुमार म्हणजे मारवाडी शेठ. वडिलांचं कापडाचं दुकान होतं चाळीसगावला, ह्यांनी जळगावात येऊन कुबड्या, व्हीलचेअर आणि रक्तदाबाची यंत्रं विकायला घेतली. माणूस गोड, हसरा. त्यांनी पाणी मागवलं, चहा मागवला, मशीन काढून टेबलावर ठेवलं, आणि म्हणाले, "नाना, डॉक्टरची चिठ्ठी द्या."

"चिठ्ठी कशाला? मी काय गोळ्या मागतोय का? मिक्सर घेताना लागते का चिठ्ठी?"

"मिक्सरनं चटणी होते. हे श्वासाचं काम आहे. कोणाला किती दाबानं हवा द्यायची ते डॉक्टर तपासून लिहून देतात, तसं मशीन लावायचं. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर त्रास."

"मध्यम ठेवा."

"पंखा आहे का नाना, मध्यम ठेवायला?"

नानांनी सगळे मार्ग चोखाळून पाहिले. आपला शब्द दिला. वनाचं नाव सांगितलं. नंतर आणून देतो म्हणाले. शेवटी, आपण किती वर्षांपासून एकमेकांना ओळखतो, असंही म्हणून झालं. इथे निर्मलकुमारांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ओळखतो तर! मी कॉलेजात होतो. धुळ्याला जात होतो, भावाच्या पासावर. तुम्ही पास बघितला, माझं तोंड बघितलं आणि मधल्याच फाट्यावर उतरवलं मला. भर उन्हात. मी किती विनवण्या केल्या! काय म्हणाला होतात आठवतं?"

नानांना चांगलं आठवत होतं. ते वाक्य त्यांनी जन्मभर म्हटलं होतं.

"ज्याचा पास त्याचाच प्रवास," निर्मलकुमार हात जोडून म्हणाले. "त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. पण दुकान टाकलं तेव्हा हेच धोरण ठेवलं, नाना. चिठ्ठी ज्याची, मशीन त्याचं."

नाना उरलेला चहा पिऊन बाहेर पडले.

ठीक आहे. चिठ्ठी तर चिठ्ठी. नाना रिंग रोडवरच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर ऋतिका मॅडमकडे गेले आणि म्हणाले, "मी भयंकर घोरतो." मॅडम वयानं लहान, पण नजर चेकिंग इन्स्पेक्टरची. त्यांनी नानांची मान मापली, वजन केलं, घशात बॅटरी मारली. नाना म्हणजे वाळलेली तुरीची काडी. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून वाटत तर नाही. घरचं कोणी सोबत आहे? झोपणाऱ्याला स्वतःला कळत नसतं."

कोकिळाबाई हट्टानं सोबत आल्या होत्या आणि बाहेर बाकावर पेंगत बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं आणि मग काय विचारता! पस्तीस वर्षांची साक्ष त्यांनी एका दमात दिली. आखाजी सांगितली, म्हशी सांगितल्या, तूप, लसूण, चेंडू, सगळं सगळं सांगितलं. "भिंत हलते हो मॅडम, भागाबाईंना विचारा."

"तुम्ही स्वतः ऐकलंय?"

"मी? नाही बाई. माझी झोप गाढ."

मॅडमनी नानांकडे पाहिलं. नानांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. मग मॅडम म्हणाल्या की तपासणीशिवाय चिठ्ठी मिळणार नाही. एक छोटं यंत्र घरी न्यायला देते, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी, एक रात्र लावून झोपायचं, आणि परत आणून द्यायचं.

नाना घरी येऊन ते यंत्र समोर ठेवून बसले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हे आपल्याला लावलं तर काय निघणार? काहीच नाही. आपण तर झोपतच नाही. म्हणजे चिठ्ठी नाही, म्हणजे मशीन नाही. आणि हिला लावायचं तर कोणत्या तोंडानं सांगायचं? दिवसभर ते येरझाऱ्या घालत राहिले. संध्याकाळी कोकिळाबाईंनी देवापाशी दिवा लावला आणि नानांना एकदम युक्ती सुचली.

"अगं," ते म्हणाले, "सत्यनारायणाला मी पूजेला बसतो तेव्हा तू काय करतेस?"

"तुमच्या हाताला हात लावते. निम्मं पुण्य मला मिळतं."

"बरोबर. तसंच आहे हे. नवरा-बायकोनं मिळून करायची तपासणी आहे. यंत्र तू लाव. मी तुझ्या हाताला हात लावून झोपतो. म्हणजे माझंही त्यात येतं."

आता कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, हे काय भलतंच! पण कोकिळाबाईंनी आजवर प्रत्येक पूजेत नवऱ्याच्या हाताला हात लावून गणपतीपासून वास्तुशांतीपर्यंत सगळ्याचं पुण्य घेतलं होतं आणि त्यात कधी काही अडलं नव्हतं. त्यांना ते एकदम पटलं. उलट त्या म्हणाल्या, "एरवी तुम्ही पुढे नि मी मागे. आज मी पुढे!" आणि हातपाय धुऊन, देवाला नमस्कार करून, छातीला पट्टा बांधून त्या यजमानाच्या थाटात निजल्या. नाना हाताला हात लावून शेजारी जागे राहिले. त्यांच्या हिशेबात आता काही अडचण उरली नव्हती. चिठ्ठी आपल्या नावाची येईल, मशीन घरात येईल, मग ते कोणाच्या नाकाला लावायचं हा आपल्या घरचा प्रश्न.

दोन दिवसांनी मॅडमनी दोघांनाही बोलावलं. रिपोर्ट समोर होता आणि त्यांचा चेहरा गंभीर होता.

"नाना, हे फार आहे. झोपेत श्वास सारखा सारखा थांबतोय, रक्तातला ऑक्सिजन खाली जातोय. असंच चाललं तर हृदयावर ताण येतो. मशीन तर लागेलच, आणि लवकर लागेल."

थांबतो हे त्यांना माहीत होतं. पण ते असं कागदावर, परक्या माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं. तरी ते घाईनं म्हणाले, "मग लिहा ना चिठ्ठी."

"लिहिते. त्याआधी एक सांगा." मॅडमनी टेबलाच्या खणातून यंत्राचा पट्टा काढला. पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक लाल टिकली चिकटलेली होती. "नाना, तुम्ही टिकली लावता?"

तिकीट तपासणीस गाडीत चढल्यावर बिनतिकीट माणूस जसा खिडकीबाहेरची झाडं मन लावून बघायला लागतो, तसे नाना भिंतीवरचं घशाचं चित्र बघायला लागले.

"अय्या, माझी टिकली!" कोकिळाबाई आनंदानं म्हणाल्या. "सापडतच नव्हती. यंत्र मीच लावलं होतं ना मॅडम. ह्यांनी माझ्या हाताला हात लावला होता."

मॅडमनी डोळे मिटून घेतले, बहुतेक हसू आवरायला. मग सावकाश म्हणाल्या, "काकू, ही सत्यनारायणाची पूजा नाही. हा रिपोर्ट तुमचा आहे. श्वास तुमचा थांबतोय. घोरताय तुम्ही."

"मी?" कोकिळाबाई मनापासून हसल्या. अगदी त्या आखाजीसारख्या, पदर तोंडाला लावून. "मी कशाला घोरू? यंत्र बिघडलं असेल तुमचं. विचारा ह्यांना. अहो, सांगा ना, मी घोरते का?"

दोघी नानांकडे बघायला लागल्या.

नानांनी जन्मात कितीतरी लोकांना पकडलं होतं, पण पकडलं जाणं म्हणजे काय ते त्यांना आज कळलं. नाही म्हणावं, तर चिठ्ठी नाही. हो म्हणावं, तर तिचं हसू जाणार. हिनं जगभर फिरून आपल्या घोरण्याबद्दल माफी मागितली, लग्नाकार्यात आपल्याला बाहेरच्या ओट्यावर झोपवलं, व्याह्यांपुढे शरमली, ते सगळं तिच्याच अंगावर येणार. पण त्यांना तो रटरटता घाटा आठवला. रात्रीचा तो थांबा आठवला.

"घोरतेस," नाना म्हणाले. "पहिल्या आखाजीपासून."

कोकिळाबाईंचा पदर तोंडावरून खाली आला.

"आणि आताशा मध्येच थांबतेस. मग मी खांद्यावर डबल घंटी देतो. मग निघतेस." नानांनी टेबलावर बोटांनी दोनदा टकटक करून दाखवलं. "मला भीती वाटते गं. एखाद्या रात्री माझा डोळा लागला तर?"

मॅडमनी रिपोर्टवरचं तोताराम हे नाव काट मारून खोडलं आणि म्हणाल्या, "काकू, तपासणी तुमच्या नावानं नीट परत होईल. चिठ्ठी तुमच्या नावाची निघेल. दुसरा मार्ग नाही." त्याच दिवशी त्यांनी कोकिळाबाईंची मान मापली, घसा पाहिला आणि यंत्र पुन्हा घरी पाठवलं, ह्या वेळी हाताला हात न लावता.

रिक्षात कोकिळाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. नाना अंग चोरून बसले होते. तलावाचं वळण आलं आणि बाईंचा बांध फुटला.

"पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं तूप घातलं मी तुमच्या नाकात! माझं घोरणं आणि तूप तुमच्या नाकात! लसणाची माळ घालून कामावर गेलात, तोंडातून शब्द नाही काढलात! केळी सोडलीत! माणूस आहात की कोण आहात?"

"सांगणार होतो," नाना म्हणाले. "गाडीत गर्दी होती."

"कुठल्या गाडीत?"

"आखाजीच्या परतीच्या."

रिक्षावाला आरशातून बघायला लागला. कोकिळाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं. मग डोळे पुसून विचारलं, "पण का हो? त्या दिवशीच का नाही बोललात?"

"तू हसत होतीस," नाना म्हणाले. "मला फार बरं वाटलं होतं."

घर आलं, तेव्हा कोकिळाबाईंनी नानांच्या हाताला हात लावला आणि मग त्या उतरल्या.

दुसऱ्या तपासणीनंतर चिठ्ठी घेऊन दोघं निर्मलकुमारांकडे गेले. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली, मग कोकिळाबाईंकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांच्या मिशा हलल्या, पण माणूस चांगला. एवढंच म्हणाले, "पास बरोबर आहे, नाना. बसा गाडीत." आणि चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे मशीन लावून, मास्क कोकिळाबाईंच्या तोंडाला बसवून, सगळं दोनदा समजावून दिलं. आरशात बघून कोकिळाबाई म्हणाल्या, "शोभतेय का सोंड?" नाना म्हणाले, "गणपतीसारखी दिसतेस," आणि दुकानातच एक चापट खाल्ली.

त्या रात्री मशीन सुरू झालं. बारीक फुस्स असा आवाज, आणि बस्स. मांडणीवरच्या वाट्या गप्प. नाना नेहमीप्रमाणे उठून बसले, बोटं तयार ठेवून. थांबा आला नाही. ते वाट बघत राहिले, तरी थांबा आला नाही. छाती खाली-वर होत होती, एकसारखी, सपाट रस्त्यावरच्या गाडीसारखी. नाना म्हणाले, आता पाठ टेकून बघू. पाठ टेकली.

पुढचं त्यांना काही माहीत नाही. जाग आली तेव्हा अंगणात ऊन आलं होतं आणि भिंतीवरून भागाबाईंचा तोंडाचा पट्टा चालू होता.

"काय वं कोकिळे, नवऱ्यासाठी मशीन आणलं म्हणे! पैसे पाण्यात गेले गं तुमचे! काल तर हद्द झाली. आमचं कॅलेंडर पडलं भिंतीवरचं! इतक्या वर्षांत असा घोरला नाही कधी तुझा नवरा!"

नाना खाटेवर ताडकन उठून बसले. घसा कोरडा पडला होता. हे काय झालं? काल रात्री तर मशीन चालू होतं. म्हणजे? म्हणजे ते आपण? आता बाहेर जाऊन काय सांगायचं, ह्या विचारात ते चप्पल शोधायला लागले.

तेवढ्यात अंगणातून कोकिळाबाईंचा आवाज आला. ताजा, खणखणीत, आरतीच्या वेळचा.

"ते नाहीत हो भागाबाई. घोरते ती मी. पहिल्यापासून मीच. मशीनसुद्धा माझंच आहे, डॉक्टरची चिठ्ठी आहे माझ्या नावाची, दाखवू का? आणि काल मशीन नीट बसलं नव्हतं. ह्यांना उगीच बोल लावू नका. त्यांनी फार सोसलंय."

भागाबाईंना ही बातमी तीन गल्ल्यांना सांगायची होती आणि सुरुवात कुठून करावी ते त्यांना सुचत नव्हतं.

नाना दारात आले. कोकिळाबाई वळल्या. चेहरा टवटवीत, डोळ्यांत झोपेचा मागमूस नाही. त्यांनी नानांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आत गेल्या आणि तुपाची वाटी गॅसवर ठेवली.

"अगं, पण..." नाना म्हणाले.

"आज दही नाही. केळी नाही." त्यांनी नानांच्या खांद्यावर बोटांनी दोनदा टकटक केलं. "चला. आडवे व्हा. नाक वर करा."

नाना आडवे झाले आणि त्यांनी नाक वर केलं.